शोधून न सापडलेलं फंक्शन

शेतातल्या ठिबकच्या नळ्यांचे आराखडे करून देणारं आमचं छोटं ऑफिस जळगावात आहे. पाण्याच्या दाबाचा हिशेब करणारा तिथला प्रोग्रॅम मी लिस्प भाषेत लिहिला. नळीच्या प्रत्येक मापाला वेगळं फंक्शन, म्हणजे हिशेबाचा वेगळा तुकडा, लागायचं. सगळी एकसारखीच, फक्त माप आणि एक आकडा बदलायचा. तेच ते लिहायचा कंटाळा आला म्हणून मी एक मॅक्रो केला. मॅक्रो म्हणजे कोड लिहिणारा कोड. त्याला मापं आणि आकडे दिले की प्रोग्रॅम सुरू होताना तो फंक्शनं तयार करी, त्यांची नावंही तुकडे जोडून स्वतःच ठेवी. ती नावं कुठल्याच फाइलीत अख्खी लिहिलेली नसत. मला याचा फार अभिमान होता.

मग एरंडोलजवळच्या एका केळीच्या बागेत टोकाच्या ओळींना पाणी पोचेना. हिशेब जिथे चुकला त्या फंक्शनचं नाव स्क्रीनवर दिसत होतं. आमच्या ऑफिसच्या मालकाने ते सगळ्या फाइलींत शोधलं.

"आबा, बठ्ठं धुंडी टाकं, हे नाव कोठेच नही शे! कोणी लिहून पुसलं का काय?"

कोडला हात लावणारे आम्ही दोघंच. मी आणि भडगावकडची एक मुलगी. मला तिचाच संशय आला, आणि तो अगदी मनापासून आला. मी मागे जाऊन उभा राहिलो की ती स्क्रीनवरचं काहीतरी बंद करायची. पुण्याला मुलाखत देऊन आली होती, हेही मला दुसऱ्याकडून कळलेलं.

"आबा, तुमचा मॅक्रो एकदा उलगडून बघा ना," ती म्हणाली.

"म्हणजे चोर मी?"

मी माझा संशय मालकाच्या कानावर घातला. त्याने तिचा लॅपटॉप काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

पुढे नवं माप घालताना मी मॅक्रो उलगडला. तयार झालेली सगळी फंक्शनं स्क्रीनवर आली. त्यांत ते नाव होतं आणि आत मीच दिलेला चुकीचा आकडा. मी तो दुरुस्त केला आणि गप्प बसलो. तेव्हापासून मालकाने चहा पुढे केला तरी मी त्याचा चेहरा निरखायचो. याला कळलंय का?

परवा मालकाला धुळ्याहून फोन आला. ती तिथल्या एका ऑफिसात नोकरीसाठी अर्ज करून बसली होती. मुलगी कशी आहे, विचारत होते.

"हुशार आहे हो, पण..."

मी हात आडवा केला. "नंतर फोन करतो म्हणा."

मी जुना चुकीचा आकडा परत घातला आणि त्याच्यासमोर मॅक्रो उलगडला. त्याने ते नाव आणि आतला आकडा बोट ठेवून वाचला.

"मग पोरगी तेव्हा बोलली का नाही?"

"बोलली होती. माझ्याशी."

त्याने फोन माझ्याकडे सरकवला. "आता तुम्हीच लावा."

पलीकडच्या बाईंना मॅक्रो म्हणजे काय ते कळेना. मी म्हटलं, "तेही समजावतो. आधी एवढं लिहून घ्या, तो आकडा मी घातला होता."