हौसाक्कांची रोजची गोळी

सकाळी सातच्या एसटीने मी साताऱ्याहून निघाले. पिशवीत बावीस रुग्णांच्या फायली होत्या. आमवाताने सांधे सुजलेल्या या माणसांना वर्षभराच्या औषधांनी कितपत आराम पडला, याचा अभ्यास आमचं पथक करत होतं. घरोघरी जाऊन सांधे तपासायचं काम माझं.

कऱ्हाडजवळ मलकापूरला पहिला थांबा. तिथल्या शिक्षिकाबाईंनी दारातच मूठ वळून दाखवली. "बघा, वर्षापूर्वी खडूसुद्धा धरता येत नव्हता!" त्यांचा चहा घेऊन मी पुढची गाडी पकडली.

दुपारी कुंडल आलं. दोन्हीकडे ऊस, मधूनच द्राक्षांचे मांडव आणि पलीकडे उघडे डोंगर. हौसाक्का आणि त्यांचे निवृत्त हवालदार पती गावाबाहेर मळ्यात राहत. सोप्यात (घराच्या पुढच्या भागात) खाटेवर बसवून मी हौसाक्कांची बोटं, मनगटं, गुडघे दाबून पाहिले. पहिल्या भेटीत त्यांना माझा स्पर्शही सोसत नव्हता. आज सूज जवळजवळ उतरली होती.

"सकाळी हात आखडतात का?"

"आता न्हाई आखडत."

आजाराची तीव्रता मोजायचा आमचा एक आकडा असतो. त्यांचा आकडा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला आला. मी तो खुशीने लिहून घेतला.

हवालदारकाका जेवल्याशिवाय सोडेनात. ज्वारीची भाकरी, अख्खा मसूर, कांदा. हौसाक्का मात्र नुसतं ताक घोट घोट पीत होत्या.

"तुम्ही जेवत नाही?"

"तोंड आलंय. साधं पानीबी झोंबतंय."

मी त्यांना दाराच्या उजेडात आणलं. जीभ आणि गालांची आतली बाजू फोडांनी सोलवटली होती. कपाळ तापलेलं. दंडावर निळे डाग. माझा घास ताटातच राहिला.

"काका, गोळ्यांचं पाकीट आणा बरं."

दहाचं एक पाकीट रिकामं होतं, दुसऱ्यातल्या दोन संपल्या होत्या.

"ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तुम्ही रोज देताय?"

"व्हय. सकाळी सहाला, न चुकता. आदी दवाखान्यातनं पुडीत चारच मिळायच्या, वार घातलेल्या. ह्या वक्ताला दुकानातनं दहा-दहाची पाकिटं आणली, त्येच्यावर वार न्हवता. म्हटलं, दुखणं वाढलंय म्हून रोज सांगितली आसंल." बोलता बोलता त्यांचा चेहरा पडला. "का वो? काय झालं?"

आठवड्याची ही गोळी रोज घेतली की तोंड सोलवटतं, रक्त तयार होणंच मंदावतं. साधा जंतूही मग जिवावर उठतो. शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही पलूसवरून सांगली गाठली. वाटेत हौसाक्का पुटपुटल्या, "त्यास्नी काय बोलू नगा. एक दिस चुकवला न्हाई त्यांनी."

सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, उतारा म्हणून इंजेक्शन सुरू केलं आणि तीन दिवस काही सांगता येणार नाही म्हणाले. काका बाहेरच्या बाकावर ताठ बसून होते. मी शेजारी जाऊन बसले.

"काका, गेल्या आठवड्यात मीच फोन केला होता. गोळी नियमित देता का, विचारलं. तुम्ही म्हणालात, एकबी दिवस चुकवत न्हाई. मी 'नियमित'पुढे खूण केली आणि फोन ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"माझ्या हातानंच दिली वो," ते म्हणाले.

मी सांगलीतच थांबले. सकाळी आसपासच्या गावांतले रुग्ण बघायचे, संध्याकाळी दवाखान्यात यायचं. त्या दिवसांत कुणाच्याही बोटांआधी मी तोंड बघितलं. चौथ्या दिवशी हौसाक्कांचा ताप उतरला. आठव्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याची गाडी धरली.

परतीच्या वाटेवर मांडीवर ती फाईल होती. सूज मोजायला शिकलेली मी, सुजेपलीकडचं माणूस बघायला विसरले होते. आकडा खरा होता. त्याने मला फसवलं नव्हतं, मी पुढचा प्रश्नच विचारला नव्हता.

साताऱ्यात पोचल्यावर वरिष्ठांना सगळं सांगितलं, आणि उरलेल्या रुग्णांना पुन्हा फोन लावायला बसले. गोळी कोणत्या वारी घेता? कुणी बुधवार म्हणालं, कुणी रविवार. शेवटच्या बाईंनीही वार बरोबर सांगितला आणि विचारलं, "पर असं का इचारताय?"

नाव न घेता मी सगळं सांगितलं, माझी चूकही.

"बऱ्या हायत न्हवं आता त्या?"

"हो," मी म्हटलं. "काल घरी गेल्या."