संत्र्याचे पांढरे धागे

कारंज्याला आमची संत्र्याची बाग होती. लहानपणी बाबा प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे काढूनच ती आमच्या हातावर ठेवत. दोन हजार सालानंतर ते माणसं विसरू लागले. डॉक्टर म्हणाले, या धाग्यांतली द्रव्यं मेंदूला जपत असावीत. खात्री नाही, पण संत्री धाग्यांसकट द्या.

मी रोज तशा फोडी ताटलीत ठेवायचो. बाबा खायचे नाहीत, एकेक फोड निगुतीनं साफ करत बसायचे. शेवटी मी वैतागलो. म्हटलं, "बाबा, धाग्यासकट खा ना."

त्यांनी साफ केलेली फोड माझ्यापुढे धरली. म्हणाले, "घ्या पाव्हणे, आता कडू नाई लागत."