विमलअक्कांची चौकट

विमलअक्का संगणकाच्या पडद्याला स्टीलची फूटपट्टी लावून मोजत. १९९८ साली धुळ्यात, देवपूरच्या आमच्या संगणक क्लासमध्ये त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोरं तोंड दाबून हसत होती. मी तिथे शिकवायचो. अक्का माझ्या दुप्पट वयाच्या विद्यार्थिनी. एका छापखान्यात पंचवीस वर्षं त्यांनी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. तिथे संगणक आला आणि अक्का घरी बसल्या. "ज्यानी काम लिन्हं, त्यालेच शिकाले उनू," असं त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं.

चार महिन्यांत त्या वेब पानं रचू लागल्या. क्लासचे मालक नाना यांना नरडाण्याच्या एका पंप कारखान्याचं वेब पान करायचं काम मिळालं होतं. नाना म्हणाले, "अक्का, हे पान कारखान्याच्या मालकांना पसंत पडलं तर तुमची नोकरी पक्की. नाही पडलं तर मलाही वेब पानांचा हा विभाग परवडायचा नाही."

पान आम्ही तीन चौकटींत मांडलं होतं: वर कारखान्याचं नाव, डावीकडे पंपांची यादी, उजवीकडे माहिती. पण प्रत्येक चौकटीला करड्या रंगाचा स्क्रोल बार चिकटलेला. पान ठिगळं लावल्यासारखं दिसायचं. मी पुस्तक चाळलं, प्रत्येक फ्रेमच्या ओळीत 'स्क्रोलिंग'पुढे 'नो' लिहिलं आणि तिन्ही बार गेले. मी खुशीत अक्कांकडे पाहिलं.

अक्कांनी विचारलं, "भाऊ, नरडाण्याले पडदा केवढा शे?"

मी कारखान्यात फोन केला. त्यांचा पडदा आमच्यापेक्षा लहान होता. अक्कांनी आमचा पडदाही तेवढ्याच मापाला आणायला लावला. उजव्या चौकटीतल्या शेवटच्या दोन ओळी दिसेनात. पंप बंद पडला तर कुठे कळवायचं, तेच त्यांत होतं. आता बारही नव्हता. खाली सरकायचं कसं?

"पट्टी गई, पन मजकूर बी गया," अक्का म्हणाल्या. "मजकूर पाहुना शे, भाऊ. त्याले आगोदर बठाले जागा द्या."

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. "परवा दाखवायचंय," मी म्हणालो, "बार परत लावू या."

"नही. मजकूर मी बसाडस."

दोन दिवस त्या जागच्या हलल्या नाहीत. ओळी मोजल्या, चौकटीच्या कडेची रिकामी जागा कमी केली, लांब वाक्यं छाटली, मोठ्या माहितीची दोन पानं केली. सगळा मजकूर लहान पडद्यावर मावला, तेव्हाच त्यांनी मला 'नो' लिहू दिलं.

आम्ही तिघं नरडाण्याला गेलो, तेव्हा मालकांनी आपल्या इंजिनिअरला पडद्यासमोर बसवलं. "चूक काढ," ते म्हणाले. त्याने एकेक पंप उघडून पाहिला. कुठे बार नाही, कुठे कापलेली ओळ नाही. शेवटी तो खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "साहेब, आपल्या पडद्यासाठीच शिवल्यासारखं आहे."

"कोणी केलं?" मालकांनी विचारलं.

नानांच्या आधी मीच बोललो. "विमलअक्कांनी. मी चुकवलं होतं, त्यांनी सावरलं."

मालकांनी बाकीच्या पंपांची पुस्तिका सरळ अक्कांच्या हातात ठेवली. एसटीत नाना म्हणाले, "अक्का, उद्यापासून तुम्ही कायम." देवपूरला उतरल्यावर अक्का तडक घरी गेल्या आणि आपल्या म्हाताऱ्या आईला रिक्षात घालून क्लासमध्ये घेऊन आल्या. पूर्वी हसणारी पोरं आपणहून उठली, खुर्ची दिली.

आईने पडद्यावरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं तिला. मग तिने विचारलं, "याम्हा तुन्हं नाव कोठे शे?"

"नाव नही, माय," अक्का म्हणाल्या. "आख्खं पानच मन्हं शे."