बिनकलईची वाटी

नवापुरात पितळेला कलई करणारा बशीर आता एकटाच उरला आहे, आणि त्यालाही लोक बहुधा लग्नसराईतच ओळखतात. बिर्याणीच्या डेगा कलईला येत असतात तोवर तो बशीरभाई, एरवी नुसता भट्टीचा भाता फुंकणारा भातावाला. चाळीस वर्षं कलईच्या नवसागराचा धूर नाकात गेल्यामुळे त्याला अत्तराचा वास येत नाही; पितळेत कळकून बिघडलेल्या ताकाचा मात्र चार घरांवरून येतो.

म्हणून त्या रविवारी निघताना बायकोनं, जाहेदानं, त्याला बजावलं, "आज नाक घरी ठेवा. कुणी विचारलं तर भांड्यांचा धंदा म्हणायचं. कलईचं नाव काढू नका."

कारण आज त्यांच्या यास्मीनचं लग्न पक्कं व्हायचं होतं. मुलगा मुजाहिद हॉटेलचा कोर्स केलेला, महामार्गावरच्या एका फार्मचा मॅनेजर. बोलणी झाली होती. आता मुलाच्या आईनं मुलीला चमचाभर गोड भरवलं की बात पक्की. मुलाकडच्यांनी त्यासाठी जागा निवडली ती त्या फार्मचीच.

फार्मवर पिकत होतं ते फक्त गवत, तेही पाय ठेवायला मनाई असलेलं. रेस्टॉरंटं मात्र तीन होती: एक तंदूरचं, एक चायनीज आणि तिसरं 'आजोळ'. हलालची शंका नको म्हणून मंडळी शाकाहारी आजोळात बसली. दाराशी फायबरची म्हैस, खांबांवर प्लास्टिकच्या मिरच्यांच्या माळा. तिकडे नंदुरबारला खऱ्या मिरच्या एकरच्या एकर पथारीवर वाळत पडलेल्या असतात. बशीरनं माळेकडे पाहिलं, जाहेदानं बशीरकडे पाहिलं, आणि त्यानं नजर छताकडे वळवली.

वाढायला आला तो चिंचपाड्याकडचा जोएल, पन्नाशीचा गृहस्थ. त्याला धोतर, आरशांचं जाकीट आणि मोरपिसाचा फेटा चढवला होता. असला वेष त्याच्या गावात बापजन्मी कुणी घातला नसेल. त्यानं पितळी ताटवाट्या मांडल्या आणि कढी वाढली.

बशीरनं वाटी तिरपी केली. आतून सोन्यासारखी पिवळी. कढीच्या काठाला हिरवट रेघ.

"भाऊ, यास्ले कलई काबर नही?" त्यानं हळूच विचारलं.

"शेठनी सांगेल शे," जोएल पुटपुटला. "कलई करी का फोटूमा जर्मननी दिखस."

जाहेदानं टेबलाखालून बशीरचा पाय दाबला. पण मुजाहिदनं ऐकलं होतं. तो हसला. "कल्पना माझीच, चाचा. कलई केली की भांडं ॲल्युमिनियमचं वाटतं. गिऱ्हाइकाला आतूनसुद्धा सोनं दिसलं पाहिजे. वीस मिनिटांत जेवून उठतात लोक, कळकायला वेळच कुठे?"

"आणि सकाळपासून कढी कशात असते?"

"त्या मोठ्या पातेल्यात. काउंटरवर, शोसाठी."

पातेलंही पितळी होतं आणि आतून तसंच नागडं. आंबट कढी त्यात सकाळपासून कळकून विष होत होती. घाणेरडी स्वयंपाकघरं बशीरनं पुष्कळ पाहिली होती, उंदरांसकट. पण घासूनपुसून इतकी लखलखीत केलेली घाण तो पहिल्यांदाच पाहत होता.

"ठेव खाली," तो यास्मीनला म्हणाला. तिनं उचललेली वाटी खाली ठेवली.

तेवढ्यात आतून मुजाहिदचं ताट आलं. ते स्टीलचं होतं.

"मला ॲसिडिटी आहे," कुणी विचारलं नसताना तो म्हणाला.

"आम्हाला आता होईल," यास्मीन म्हणाली.

मुलाच्या वडिलांनी घाईघाईनं सावरलं. "बशीरभाई, पोरं आहेत, चुकतात. चारशे भांडी आहेत इथे. रिश्ता झाला की कलई तुमच्याकडेच. तुमचा हात काय आम्हाला ठाऊक नाही?" जाहेदाचा भांड्यांचा धंदा तिथेच बुडाला, पण तिचा चेहरा उजळला.

चारशे भांडी. बशीर मनात हिशेब करू लागला. आणि आपण हिशेब करतोय हे ध्यानात आल्यावर त्याला कढीपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

मग श्रीखंड आलं. आंबट चक्क्याचं, त्याच वाट्यांतून. मुलाच्या आईनं चमचा भरला, बिस्मिल्लाह म्हटलं आणि यास्मीनच्या तोंडाशी नेला. यास्मीननं बापाकडे पाहिलं.

बशीरनं हात लांबवून तो चमचा अलगद स्वतःकडे घेतला. "आपा, आज रीत जरा उलटी करू. आधी दूल्हेमियाँ." आणि तो मुजाहिदसमोर धरला. "घ्या बेटा. वीस मिनिटंही झाली नाहीत."

मुजाहिदनं चमच्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे. ओठ मिटलेलेच.

"खा ना रे, सासरा कौतुकानं भरवतोय," आई म्हणाली.

"मी दुपारी गोड खात नाही."

"अरे, परवा दुपारी पाव किलो जिलेबी खाल्लीस!"

यास्मीन उठली, ओढणी सारखी केली. "चला अम्मी," म्हणाली आणि चालू लागली. दाराशीच्या म्हशीला वळसा घालून थेट गवतावरून.

"मुलगा शिकलेला होता हो," परतताना रिक्षात जाहेदा म्हणाली.

"होता ना. म्हणून तर तोंड उघडलं नाही त्यानं."

गावात शिरताना यास्मीननं रिक्षा थांबवली आणि गाडीवरून भजी घेतली. भजी वर्तमानपत्राच्या कागदात होती, शाई तेलात उतरत होती. बशीरनं कागदाकडे पाहिलं, पोरीच्या भज्यांनी भरलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि एक भजं उचललं.