नालीतलं गढूळ पाणी

"साहेब, नालीतलं पाणी गढूळ येऊन राह्यलं. लवकर येजा," धरणाचे चौकीदार मडावीकाका फोनवर म्हणाले आणि मी महसूल ऑफिसला कळवून लगेच निघालो. काका त्याच दिवशी रजेवरून परतले होते.

आमचं धरण मातीचं. अशा धरणातून थोडं पाणी झिरपतंच, ते पायथ्याच्या नालीत येतं. पाणी स्वच्छ असलं की काळजी नाही. गढूळ झालं, की ते धरणाच्या पोटातली माती घेऊन निघालंय असं समजायचं. मग धरण किती वेळ टिकेल, हे मी इंजिनियर असूनही सांगू शकत नाही. आणि खाली लागूनच गाव.

मी पोहोचलो तेव्हा एसडीओ साहेब, म्हणजे महसूलचे उपविभागीय अधिकारी, आधीच आले होते. हे पूर्वी फौजेत कंपनी कमांडर होते. लढाईत शौर्यपदक मिळवलेलं, नंतर परीक्षा देऊन महसूल खात्यात आलेले. मूळचे अल्लीपूरकडचे. तालुक्यातली सगळी ऑफिसं त्यांना वचकून असत, मी तर फारच.

त्यांच्या हातात आमचं रजिस्टर होतं. त्या दिवसाची नोंद, 'गळती स्वच्छ'. खाली माझी सही.

"सकाळी पाणी साफ होतं, म्हणजे आत्ताच सुरू झालं. वेळ आहे," ते म्हणाले. गावातली माणसं पायथ्याशी बोलवून रेतीची पोती भरायची, असं त्यांनी ठरवलं. फोन कानाला लावता लावता त्यांनी विचारलं, "तुम्ही स्वतः गेलते ना तिथं?"

मी गेलो नव्हतो. तीन दिवस पाऊस, पायवाट निसरडी. तीन दिवस मी वरचीच ओळ खाली उतरवत होतो. सगळेच तसं करतात, रजिस्टर वाचतं कोण? आधी मला माझी नोकरी दिसली, पायथ्याशी येणारी माणसं नंतर दिसली. याची अजून लाज वाटते.

"नाही साहेब. तीन दिवस कोणीच गेलं नाही. पाणी कधीपासून गढूळ आहे, माहीत नाही."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. फोनवर एवढंच म्हणाले, "कोणाले इकडे पाठवू नका. आधी गाव खाली करा."

मग आम्ही खात्याचे सातजण आणि ते, असे नालीत उतरलो. गढूळ पाणी निघत होतं तिथे रेती, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर मोठी, असे थर दिले. पाणी बाहेर येतं, माती आत अडते. पाठीशी ते धरण, आणि मी सारखा मागे वळून बघत होतो. साहेबांना वर जायची विनंती केली, ती त्यांनी ऐकलीच नाही.

संध्याकाळी पाणी निवळलं. बांधावर बसून ते म्हणाले, "लढाईत मले एकानं न जाताच वायरलेसवर सांगितलं, रस्ता मोकळा आहे. माझे चार जवान गेले. पदक त्याच दिवसाचं आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पत्रावरून मला नोटीस आली. मी सगळं कबूल केलं.

आता गेलो नाही, तर 'पाहिले नाही' असंच लिहितो. वरिष्ठ विचारतात, अशी नोंद बरी दिसते का? नाही दिसत. पण ती वाचून कोणी माणसं पायथ्याशी पाठवत नाही.