आबांचा दमा

माझी बायको आल्यागेल्याला अजूनही सांगते — आमच्या आबांना दमा होता हो, पण शेवटपर्यंत कधी कुरकुरले नाहीत. मी तिथेच बसलेला असतो. तिला खरं सांगितलेलं नाही, मुलांना नाही, वाडीत तर कुणालाच नाही.

सांगायला बसलो की मी भलतीकडेच वळतो. मुंबईतल्या त्या खोलीकडे वळतो, महाडच्या बाजाराकडे वळतो. आजही वळणारच. पण या वेळी परत येईन.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, दोन तासांची चढण. अर्धे पुरुष मुंबईला — कुणी गिरणीत, कुणी गोदीत. त्यांच्या मंडळाची एक खोली होती. बावीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खिळा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे जमत, चहा होई आणि प्रत्येक जण पत्र्याच्या डब्यात चार आणे टाकी. ते पैसे देवळाच्या कौलांसाठी होते. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी मंडळाचे कारभारी तात्या म्हणाले, "देवाला अजून एक पावसाळा गळक्यात काढू दे. आधी ह्या पोराला कॉलेजात घालू."

आमच्या वाडीतून तोवर कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. चार वर्षं मी त्या खोलीत राहिलो. रात्रपाळीची माणसं सकाळी येत ती चपला जिन्यातच काढून येत — सदूचा अभ्यास चाललाय म्हणून. परीक्षेच्या दिवसांत तात्या खिडकीजवळची आपली जागा मला देत आणि स्वतः गॅलरीत आडवे होत. अंगाला कापसाची पूड चिकटलेली, डोळे लाल, आणि तरी मला विचारत, "आज पेपर कसला होता रे?" मी सांगे, लॉजिकचा. ते मान डोलावत, जणू त्यांनीही तो सोडवला होता. इतकं मला पुढे कुणी जपलं आहे का? नाही.

सगळे मिळून सहाशे चाळीस रुपये माझ्यावर खर्ची पडले. कागद नाही, व्याज नाही. नोकरी लागली की महिना पंधरा रुपये परत, एवढंच. मी देवापुढे नारळावर हात ठेवून हो म्हटलं होतं. तात्यांनी बजावलं होतं, "सदू, हे तुला दिलेलं नाय. तुझ्या हातातनं पुढच्याला दिलंय. एवढं ध्यानात ठेव."

महाडच्या एका हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा नवे पैसे नुकतेच आले होते. बाजारात दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही बोटं मोजत आणे आणि पैसे जुळवत बसायचे. चवदार तळ्याच्या मागच्या आळीत मी खोली घेतली होती. सकाळी तांबटांच्या हातोड्यांनी जाग येई. संध्याकाळी सावित्रीच्या काठावर जाऊन बसलो की वाटे, आपलं सगळं मार्गी लागलं. पगार एकशे वीस. खोलीला बारा, खानावळीला तीस, घरी पंचवीस, मंडळाला पंधरा. उरले अडतीस. हिशेब बसत होता. मी स्वतः आठवीला सरळव्याज शिकवत होतो. हिशेब येत नव्हता असं कसं म्हणू?

पहिले पाच हप्ते मी पाठवले. मग घड्याळ आलं.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. कुणी वेळ विचारली की मी भिंतीकडे बघायचो. कुणी हसत नव्हतं — मलाच ते हसल्यासारखं वाटे. बाजारपेठेतल्या दुकानदाराने महिना दहा रुपयांवर दिलं. मग त्या घड्याळाला शोभेल असा सदरा कापडवाल्याकडून, वहीवर. सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात चहा-भजी, तेही वहीवर. एकेक रक्कम बघितली तर किरकोळ. महिनाअखेर तीन वह्या एकदम उघडल्या.

तेव्हा मी काय केलं? घड्याळवाला रोज रस्त्यात भेटणारा. कापडवाल्याचा मुलगा माझ्याच वर्गात. त्यांचं चुकवलं तर गावात तोंड कसं दाखवणार? मंडळ मात्र मुंबईला होतं. मंडळ दारात येऊन उभं राहणार नव्हतं. ज्यांची लाज वाटत होती त्यांचे पैसे मी दिले, आणि ज्यांनी माझ्यासाठी चपला जिन्यात काढल्या होत्या त्यांचे थकवले. हे मी न समजून केलं नाही. खोलीत बसून, कागदावर मांडून केलं.

तीन महिने काही पाठवलं नाही. तात्यांनीही विचारलं नाही. मग मलाच राहवेना, आणि मी तात्यांना पत्र लिहिलं. आबांना दम्याचा विकार जडला आहे. चार पावलं चालवत नाही. औषधपाण्याला बराच खर्च येतो. तरी काही महिने सवलत मिळावी. अक्षर वळणदार होतं माझं. पत्र टाकलं तेव्हा माझे आबा, त्रेपन्न वर्षांचे, रानातून लाकडाचे भारे वाहत होते.

पंधरा दिवसांनी पोस्टमन वर्गाच्या दाराशी आला. चाळीस रुपयांची मनिऑर्डर. खालच्या तुकड्यावर तात्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या दोन ओळी — आबाच्या औषधाला. हप्त्याची काळजी करू नको.

मी सही केली. फळ्यावर गणित अर्धं होतं, ते पूर्ण केलं. त्या चाळिसातले वीस घड्याळवाल्याला गेले.

तात्यांच्या धाकट्या मुलीचं, शेवंताचं, इथेच सांगितलं पाहिजे. ती सातवी फायनल पास झाली होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं, ट्रेनिंगला जायचं होतं, आणि माझ्या हप्त्यांतून पुढचं माणूस म्हणून मंडळाने तिलाच धरलं होतं. हप्ते थांबले. स्वतःच्या घरचं काम, म्हणून तात्या माझ्याकडे तोंड उघडू शकले नाहीत. वैशाखात तिचं लग्न वरंधच्या बाजूला झालं. पुष्कळ वर्षांनी महाडच्या एस.टी. स्टँडवर ती भेटली, डोक्यावर पाटी, बरोबर दोन मुलं. तिने पहिलं काय विचारावं? "आबांचा दमा कसा हाय, दादा?"

पण मी लग्नाच्या आधीच्या शिमग्याकडे परत येतो.

आमच्या वाडीत शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरते. खालूबाजा वाजत असतो आणि अंगणाअंगणांत पालखी नाचवतात. पुढच्या दांडीचा उजवा खांदा आबांचा. त्यांच्या बापापासूनचा. पालखी खांद्यावर घेऊन, दोन्ही हात सोडून, ते झटकन बसत आणि उठत, आणि देवीचं वस्त्र हलत नसे. वर्षभर कमी बोलणारा तो माणूस त्या पाच दिवसांत वेगळाच दिसायचा. लहानपणी मला वाटे, देवी आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळ थांबते ती आबांसाठी.

त्या वर्षी मी सुट्टीत घरी आलो आणि दुपारीच तात्या अंगणात आले. हातात मोसंब्यांची पिशवी आणि काढ्याची बाटली, थेट मुंबईहून आणलेली. तात्या येणार हे मला ठाऊक होतं. तरी आबांना मी काही सांगितलेलं नव्हतं — काय सांगणार होतो? तेवढ्यात आबा डोक्यावर भारा घेऊन वरच्या वाटेने उतरले.

"धोंडूदा, अरे काय करतोस?" तात्या ओरडलेच. "दम्याच्या मानसानं भारा उचलायचा असतो? आनि सदू, तू बघत काय उभा हायस?"

आबांनी तात्यांकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे — चेहऱ्याकडे आणि मग मनगटाकडे. आई दारात आली होती, तिने तोंड उघडलं. "दमा? कुनाला —"

"पानी आन गो," आबा म्हणाले.

त्यांनी भारा हळूच खाली ठेवला, पायरीवर बसले, आणि खोकले.

"आज जरा बरं हाय, तात्या. म्हनून गेलो."

ज्या माणसाने आयुष्यात कुणाचे चार आणे ठेवले नव्हते, त्याने माझ्यासाठी खोकून दाखवलं. नीट जमलंही नाही त्यांना. तात्यांनी पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी आमच्या अंगणात आली. आबा सवयीने उठले, तशी तात्यांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "नाय नाय. तू बस. यंदा तुझा खांदा मी देतो. बरा झालास की घे." आईने त्यांच्या पायांवर घोंगडी टाकली. आबा बसले.

मी परत निघालो तेव्हा ते मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. शेवटचं घर मागे पडेपर्यंत माझी पिशवी माझ्याच हातात होती. घर दिसेनासं झालं तशी त्यांनी ती काढून आपल्या खांद्यावर घेतली. मग विचारलं, "किती उरलंत?"

"सहाशे पाच." ते चाळीसही मी धरले होते.

"फेड," ते म्हणाले. एवढंच.

मी फेडले. पगार हातात आला की आधी पोस्ट, मग बाकी सगळं. महिना वीस, अडीच वर्षं. नंतर कुठल्याही दुकानात माझ्या नावाची वही उघडली गेली नाही. मुलांना हेच शिकवलं, आणि ते मला मोठा शिस्तीचा माणूस समजतात. शेवटचा हप्ता भरल्यावर शिमग्याला देवळात मंडळ जमलं. तात्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांना सांगितलं, "बाप दम्यानं आजारी, तरी पोरानं फंड बुडवला नाय. पुढच्यांनी हे बघा." आबा खांबाला टेकून बसले होते. तात्यांचं बोलणं झाल्यावर ते थोडंसं खोकले. मी हार काढला नाही.

पैसे फिटले, पण दमा कसा फिटणार? एकदा सांगितलेला दमा बरा होत नाही. पुढे आबांनी पालखीला कधी खांदा दिला नाही. मुंबईकर गावात असले की ते मफलर गुंडाळून पडवीत बसत, आणि मंडळी परतली की दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन रानात जात. थकल्यावर मी त्यांना महाडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी लावून तपासलं आणि म्हणाले, "छाती एकदम साफ आहे, बाबा." आबा दाराकडे बघत म्हणाले, "हळू बोला, डॉक्टर. भायेर कोन वाडीतलं असल."

ते गेले. तात्याही गेले. आता मी कुणाची भीड धरून गप्प होतो असं म्हणायलाही जागा नाही.

आणि एक राहिलं, ते मी मघाशी मुद्दाम वगळलं. त्या पहिल्या शिमग्याला पालखी अंगणात नाचत होती, आणि आबा पायरीवर बसले होते. घोंगडीखाली त्यांचा उजवा पाय ताल धरत होता. बाजाबरोबर, एकही ठोका न चुकवता. ते मी पाहिलं. तात्या माझ्यापासून चार हातांवर होते, पालखीखाली घामाने भिजलेले, आणि माझ्याकडे बघून हसत होते. एक वाक्य पुरे होतं. मी घड्याळ सदऱ्याच्या बाहीखाली सारलं आणि टाळ्या वाजवत राहिलो.