सगळी वस्ती ठीक कशी?

क्रांती चौकात रिक्षाची वाट बघत होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. सिंधूची भाची रेखा बोलत होती. "मावशी, आत्या गेली... हार्ट अटॅक." मी उलट तिलाच दरडावलं, कोण बोलतंय, खरं सांग. माझा स्वभावच संशयी, आणि सिंधू माझ्याहून वरचढ. नोकरीभर आम्ही दोघी नर्सबाई एकाच दवाखान्यात होतो. पेशंट 'बरं वाटतंय' म्हणाला की एकमेकींकडं बघायचो.

निवृत्तीनंतर मी शहरातच, मुकुंदवाडीत राहिले, ती फर्दापूरजवळच्या आपल्या भिल्ल वस्तीवर परत गेली. तिथं दोन तरुण मुलांनी जीव दिला होता. ती फार हादरली होती. त्यातच एका संस्थेनं भिली बोलीतलं ॲप आणलं. रोज फोन विचारणार, कसं वाटतंय? हसरा चेहरा म्हणजे ठीक, उतरलेला म्हणजे जड, रडका दाबला की सिंधूच्या फोनवर निरोप. मी म्हटलं, अगं, हे फुकट कशाला देतायत? आपलं रडणं नेऊन ठेवणार कुठं? तिनंही संस्थेच्या माणसांना हेच विचारलं होतं. त्यांची उत्तरं गुळगुळीत होती, तिला पटली नाहीत. तरी तिनं ॲप घेतलं. दुसरं हातात काय होतं?

पहिले काही आठवडे सगळी वस्ती हसरी. संस्थेची माणसं खूश... सिंधूची झोप उडाली. "सगळेच ठीक कसे गं?" मला फोनवर म्हणाली. "लग्नघरातबी एखादा रुसून बसलेला असतोच."

मग ती घरोघर फिरली. घरात फोन एकच, तो कर्त्या माणसाच्या खिशात. रेशनला घरातल्या एकानं अंगठा दिला की सगळ्यांचं धान्य मिळतं, तसंच हे असणार असं समजून घरोघरच्या कर्त्यांनी, तिच्या भावानंही, रोज सगळ्या घरादाराचा हसरा चेहरा दाबला होता. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रेखाचं ठीकही त्यानंच दाबलेलं.

तेव्हापासून संध्याकाळी बायका, मुली सिंधूच्या ओट्यावर जमू लागल्या. ॲपसाठी एक वेगळा फोन तिनं ओट्यावरच ठेवला. तो जिच्या हातात, तिच्याकडं बाकीच्यांनी पाठ करून बसायचं. मी हसले होते, म्हटलं शाळेतली शिक्षा आहे काय ही? मग एका संध्याकाळी सिंधूच्या कमरेचा फोन वाजला. रेखानं रडका दाबला होता. सिंधूनं वळून पाहिलं नाही. सगळ्या गेल्यावर तिला आपल्याच घरी ठेवून घेतलं, एकटं सोडलं नाही, आणि सकाळी माझ्याकडं घेऊन आली. शहरातले डॉक्टर आम्ही मिळून गाठले. औषधं, बोलणं... पोर सावरली. पुढं कुणी 'ठीक' म्हणालं की सिंधू डोळे बारीक करायची, "कुणी दाबलं हे ठीक?"

परवा वस्तीवर गेले. ती नाही म्हणून ओटा बंद पडला असेल, अशी मला खात्रीच होती. बायका बसल्या होत्या. सिंधूचा फोन आता रेखाच्या कमरेला. तिनं विचारलं, मावशी, कशी हायेस? म्हटलं, मी ठीक आहे गं.

तिनं डोळे बारीक केले. "कुणी दाबलं?"

ओट्यावरचा फोन माझ्या हातात देऊन तिनं माझ्याकडं पाठ केली. मग एकेक करून सगळ्यांनी केली. माझं बोट सवयीनं हसऱ्यावर गेलं होतं, ते मी उचललं आणि शेजारचा उतरलेला चेहरा दाबला.